पाऊसवही

माणदेशातल्या पत्र्याच्या शाळेत पाऊस आला की शिकवणं आपोआप थांबतं. पत्रा असा वाजतो की पहिल्या रांगेतल्या मुलालाही बाईंचा शब्द ऐकू येत नाही. सगळी दाराशी गोळा होतात आणि मीही खडू ठेवून त्यांच्या मागे उभी राहते. असे तास वर्षात फार मिळत नाहीत. आमच्या माण तालुक्याचा वर्षभराचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. मृगात एखादी दमदार सर येते. मग आषाढ-श्रावणात ढग डोक्यावरून नुसते पळताना बघायचे, आणि खरा पाऊस व्हायचा तो उत्तरा-हस्तात, परतीच्या वाटेवर. याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मधलं अंतर शंभरेक किलोमीटरचं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढता चढता रिते होतात आणि घाट उतरून आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांच्यात देण्यासारखं थोडंच उरतं. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेची आकृती असते: डावीकडे तिरप्या रेघांचा पाऊस, मधे डोंगर, उजवीकडे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत आमची शाळा आहे.

शाळेच्या आवारात एक बोअर आहे. माघ सरला की ती पाण्याऐवजी हवा ओढायला लागते. जेव्हा पाणी देते तेव्हाही ते मचूळ. हंड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. काळ्या पाषाणाच्या या मुलखात पाणी साठायला जागाच थोडी: वरचा मुरमाचा थर, खडकातल्या चिरा, दोन थरांमधली सांध. विहीर त्या वरच्या थरातलं पाणी घेते. ते दर पावसाळ्यात थोडंफार भरून निघतं. बोअर खालच्या चिरांतलं, फार सावकाश झिरपून साठलेलं पाणी ओढते, आणि ते तितक्या लवकर परत येत नाही. मुलांना हे सांगायला मी शाळेमागच्या ओढ्याच्या कडेला नेते. तिथे दरडीत सगळे थर उघडे दिसतात. वर हातभर माती, खाली पिवळट मुरूम, त्याखाली चिरा गेलेला खडक आणि मग अखंड काळा पाषाण. पाणी कुठवर जाऊ शकतं हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

छपरावरचं पाणी साठवायची टाकी झाली ती गावाच्या वर्गणीतून. आमच्या भागातले बरेच लोक गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेले आहेत. सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्यांवर त्यांची उमेदीची वर्षं जातात, पण जत्रेला सगळे येतात. एका जत्रेत पैसे जमले आणि १०,००० लिटरची फेरोसिमेंटची टाकी उभी राहिली. गवंडी कोंबडीजाळीवर सिमेंटचा लेप चढवत होते तेव्हा पहिलीपासून सातवीपर्यंतची मुलं मधल्या सुट्टीत तिथेच बसून असायची. पत्र्याच्या कडेला पन्हळ, पन्हळीला पाइप, पाइपाला एक कॉक, पुढे गोटे, खडी, कोळसा, वाळू भरलेलं गाळणीचं पिंप आणि मग टाकी. टाकी भरून वाहू लागली की जादा पाणी शोषखड्ड्यात. यात न समजण्यासारखं काही नाही आणि हाच तिचा मोठा गुण आहे. धरण, कालवा, नळयोजना ही मुलांच्या नजरेच्या टप्प्याबाहेरची कामं. इथे पाणी आभाळातून पत्र्यावर आणि पत्र्यावरून पेल्यात कसं येतं, हा सगळा रस्ता एका नजरेत मावतो. मधे कुणी दडलेलं नाही, कुठे चावी फिरवणारा अनोळखी माणूस नाही.

अशा टाक्या मी इतरत्रही पाहिल्या आहेत. कितीतरी शाळांच्या भिंतीवर योजनेचं नाव आणि खर्चाचा आकडा ठळक रंगात असतो, आणि पन्हळ मात्र एका टोकाला सुटून लोंबत असते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण असं का होतं ते दिसत असतं. टाकी बांधायला पैसे मिळतात, ती सांभाळायला मिळत नाहीत. शिवाय शाळेच्या वेळापत्रकाचं आणि पावसाचं जमत नाही. पत्रा झाडायचा, पन्हळीतली पानं काढायची, पिंपातली वाळू धुऊन उन्हात वाळवायची, टाकीच्या तोंडाची जाळी तपासायची हे सगळं काम मृगाच्या आधी, म्हणजे रोहिणीत, मे महिन्याच्या शेवटी. तेव्हा शाळेला सुट्टी असते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तोवर पहिली सर येऊन धूळ, पाखरांची विष्ठा आणि वाळकी पानं थेट टाकीत घालून गेलेली असते. म्हणून आमच्याकडे सुट्टीतली एक सकाळ या कामासाठी ठरलेली आहे. जवळच्या वस्त्यांवरची मुलं येतात, खिचडी शिजवणाऱ्या मावशी येतात, एखाद्या मुलाचे वडील शिडी घेऊन येतात. वर चढायचं ते मोठ्यांनीच. पहिल्या पावसाला कॉक बाहेरच्या बाजूला ठेवायचा, पत्रा धुऊन निघाला की टाकीकडे फिरवायचा, आणि हे काम एका मुलाच्या नावावर असतं. त्याचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर हवं, एवढीच अट. पर्यावरणाचा जो पाठ मी शिकवते त्यातला सर्वांत अवघड भाग हा आहे: सुट्टीत, सकाळची झोप मोडून, कुणी बघत नसताना कॉक फिरवायला जाणं.

पाऊसवही त्यानंतरची. शाळेनं पर्जन्यमापक विकत घेतला नाही, मुलांनी केला. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली, तिचा वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं होतं. बुडाचा खोलगटपणा सिमेंटनं भरून सपाट केला, बाहेरून मोजपट्टी चिकटवली, आणि झाडांपासून, भिंतींपासून दूर मोकळ्या जागी विटांच्या चौथऱ्यावर ठेवली. पहिल्याच दिवशी वाद झाला. सहावीतला एक मुलगा म्हणाला, बाटलीऐवजी पातेलं ठेवलं तर जास्त पाऊस भरेल, मग खरा आकडा कोणता? ते दोन-तीन दिवस बाकी सगळं बाजूला पडलं. सर आली तेव्हा अंगणात पेला, डबा आणि सरळ काठाचं पातेलं शेजारी शेजारी मांडलेलं होतं. पाऊस थांबल्यावर तिन्हींत पट्टी बुडवली आणि उंची एकच निघाली. पातेल्यात पाणी जास्त होतं, पण पाऊस तेवढाच होता. त्या मुलानं पट्टी पुन्हा पुन्हा बुडवून पाहिली. क्षेत्रफळ आणि घनफळ हे दोन शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिले असतील. ते कळले त्या अंगणात.

वाचन रोज सकाळी साडेआठला घ्यायचं, हवामान खात्याची तीच वेळ आहे. वहीत तारखेशेजारी नक्षत्राचाही रकाना आहे. तो मी घातला नव्हता, मुलांनी घातला, कारण घरी आजी-आजोबा पावसाबद्दल बोलतात ते नक्षत्रांतच. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्ती. शाळेत भोंडला होतो तेव्हा पाटावर जो हत्ती काढतात तो याच नक्षत्राचा, हे मुलींना माहीत होतं, पण त्या पाटाचा आणि बाटलीतल्या आकड्याचा संबंध वहीत पहिल्यांदा जुळला. एका वर्षी हस्तातल्या एका रात्री जेवढा पाऊस झाला तेवढा जुलै आणि ऑगस्ट मिळून झाला नव्हता. वहीचं पान उलटून हे एका मुलीनं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा वही बघायला काठी टेकत शाळेत आले. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले, सुकडीवर दिवस काढलेले. त्यांनी चष्मा पुसून सगळे रकाने वाचले. मग म्हणाले, "बाई, आमी नुसतं म्हणायचो, औंदा पाऊस कमी. किती कमी, त्ये कुनी लिवलं न्हाई."

त्यांना मी सांगितलं की लिहिणारे होते, फार जुन्या काळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या धान्यकोठारात पाऊस मोजायला हातभर तोंडाचं भांडं ठेवावं असं सांगितलं आहे. निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊसही तिथे नोंदला आहे: गोदावरीकाठच्या अश्मकाचा थोडा, अवंतीचा त्याच्या जवळपास दुप्पट, आणि अपरांताचा, म्हणजे कोकणाचा, अमर्याद. मोजमापच नाही! माझ्या मुलांना याचं भारी नवल वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वीही घाटाच्या पलीकडचा पाऊस मोजण्यापलीकडचा होता आणि अलीकडचा भांड्यात मावत होता. मला स्वतःला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. मोजणीचं भांडं ठेवलं होतं कोठारात, आणि पावसाचे आकडे दिले आहेत शेतीच्या प्रकरणात. जास्त पाण्याचं पीक घ्यायचं की कमी पाण्याचं हे पाऊस बघून ठरवावं असं त्याच प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे मोजणं हे कुतूहलापुरतं नव्हतं, पुढच्या निर्णयासाठी होतं. आज हे काम करणारं गाव फार लांब नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवार सरपंच झाल्यावर डोंगरावर चर खणले, झाडं लावली, चराईबंदी केली. पण ते गाव टिकलं ते पाण्याच्या ताळेबंदामुळे, असं माझं मत आहे. पाऊस किती झाला, त्यातलं किती मुरलं, माणसं आणि जनावरांचं प्यायचं पाणी वजा जाता शेतीला किती उरतं, आणि म्हणून या रब्बीत काय पेरायचं, हे तिथे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाहीत हे गावानं स्वतःवर घालून घेतलं. चर खणणं हे उन्हातलं कष्टाचं काम आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. २०१६ साली वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या वेळू गावानं पहिला नंबर काढला तेव्हा श्रमदानाला गेलेल्या बायकांच्या हातावरचे फोड मी पाहिले आहेत. पण खणून झाल्यावर साठलेल्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न चराहून खोल आहे.

आमचा हिशोब छपरापासून सुरू झाला. मुलांनी टेप धरून शाळेची लांबी-रुंदी घेतली: २० मीटर बाय ६ मीटर. पत्रा उतरता असला तरी मोजायची ती खालची जमीन, कारण पाऊस वरून पडतो, हे त्यांचं त्यांना सुचलं. १२० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे समीकरण इतकं सरळ आहे की ते पहिल्यांदा कळतं तेव्हा मोठी माणसंही थबकतात. म्हणजे दहा मिलिमीटरच्या सरीला १,२०० लिटर. पहिलं पाणी सोडून दिलेलं, उडालेलं, पत्र्यावरच वाळलेलं असं पाचवा हिस्सा धरून वजा केलं तर साधारण ९६०. वर्षाचे ५०० मिलिमीटर धरले तर वजावटीनंतर ४८,००० लिटर. मुलं गप्प झाली. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन पळावं लागतं, तिथे त्यांच्या दोन खोल्यांच्या शाळेवरच एवढं पाणी पडत होतं. मग कुणीतरी घराचं छप्पर मोजलं, कुणी देवळाचं, कुणी सोसायटीच्या गोदामाचं. ते आठवड्याभर सबंध गाव चौरस मीटरमध्ये बघत होते.

टाकीचं पाणी वापरात आल्यावर पहिली खबर आणली मावशींनी. "बाई, डाळ किती भराभर शिजली आज." बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ दाठरते, सरपण जास्त लागतं, हे त्या गेली कित्येक वर्षं सोसत होत्या, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मुलांनी लगेच दोन वाट्यांत दोन पाणी घेऊन साबण घोळवला. एकीत फेस वर आला, दुसरीत चिकट साय धरली. सातवीच्या विज्ञानाच्या वहीत त्या दिवशी मावशींच्या डाळीची नोंद आहे.

पण पावसाचं पाणी आपोआप शुद्ध असतं ही समजूत मोडावी लागली. पाणी तपासायच्या औषध घातलेल्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यात पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर ते प्यायला योग्य नाही. पहिल्या वर्षी आमची बाटली काळी पडली. आभाळातून आलेलं पाणी काळं कसं पडेल, असा मुलांचा आक्षेप होता. एक मुलगी तर जवळजवळ रडकुंडीला आली होती. मग शोध सुरू झाला, टाकीपासून उलटा, पिंप, पाइप, पन्हळ असा. पन्हळीच्या कोपऱ्यात पारव्यांचं घरटं निघालं आणि टाकीच्या तोंडची जाळी एका बाजूनं फाटलेली. घरट्यात पिल्लं होती. ती उडून जाईपर्यंत त्या बाजूची पन्हळ बंद ठेवायची असं मुलांनी ठरवलं, आणि तेवढे दिवस निम्म्या छपराचं पाणी आम्ही सोडून दिलं. नंतर टाकी धुतली, जाळी बदलली, पाण्यात जंतुनाशक टाकलं, पुन्हा बाटली भरली. दुसरी बाटली स्वच्छ राहिली. पिल्लांसाठी सोडलेल्या पाण्याचे लिटरही वहीत आहेत, वेगळ्या ओळीत.

त्या हिवाळ्यात सहल काढली ती महिमानगडावर. मुलांनी गड नेहमी पाहिलेला, पण या वेळी ती तटबंदीकडे धावली नाहीत, पाण्याकडे गेली. माथ्यावरचं पाणी कुठून येत असेल हे त्यांनी उतार बघून शोधलं. शिवाजी महाराजांच्या कारभारात वाढलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्याच्या पाण्याविषयी नेमकं लिहून ठेवलं आहे: आधी पाणी बघावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर भरवसा ठेवू नये आणि साठवणीचं पाणी जपून ठेवावं. चौथीच्या इतिहासात लढाया असतात. गड ज्या पाण्यावर महिनोन् महिने लढला ते पाणी तिथे नसतं. त्याहून किती तरी आधी कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांच्या कपाळपट्टीवर पन्हळी कोरून पावसाचं पाणी दाराशेजारच्या टाक्यात उतरवलं होतं, आणि अशी टाकी दान देणाऱ्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. पाणी साठवायची ही विद्या आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. आपण ती मधेच सोडून दिली, कारण नळ आला, बोअर आली, टँकर आला आणि पाण्याकडे बघायचं काम दुसऱ्या कुणाचं झालं.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करायला सांगितलं. आज प्राथमिकला परिसर अभ्यास आहे, वरच्या वर्गांना जलसुरक्षा आहे. पुस्तकं चांगली आहेत. तरी दर वर्षी जून आला की माझ्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: घोषवाक्यं, चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी यांतून मूल पाण्याबद्दल हळवं होतं, पण पाणी कुणाला किती मिळावं हे विचारायला शिकतं का? पाणी वाचवा असं ज्या मुलाला सांगायचं त्याच्या घरात मुळात दिवसाला दोन हंडे असतात. तो काय वाचवणार?

याचं उत्तर मला टाकीच्या ऑक्टोबरच्या हिशोबात मिळालं, आणि ते मी शोधलेलं नव्हतं. हस्त सरला, टाकी काठोकाठ भरली. आता पुढचा पाऊस जूनमध्ये. १०,००० लिटर किती दिवस पुरवायचं? पट ६०. शिक्षक आपली बाटली घरून आणतात. प्यायला आणि खिचडीला मिळून माणशी दोन लिटर, रोजचे १२०. म्हणजे ८३ शाळेचे दिवस. रविवार आणि सुट्ट्या वगळत कॅलेंडरावर बोट फिरवलं तर टाकी फेब्रुवारीच्या मध्याला संपत होती. नेमकी बोअर हवा ओढायला लागते तेव्हा. मुलांनी तास दोन तास घासाघीस केली. हात धुवायला बोअरचंच पाणी, ते पुढे झाडांना. ताटं आधी राखेनं घासायची. पहिलीतल्या पोरांना पेला अर्धाच भरून द्यायचा, लागला तर पुन्हा, कारण ती निम्मा टाकून देतात. हे शेवटचं सातवीनं सुचवलं आणि पहिलीनं त्याला विरोध केला, आणि तो विरोध ऐकून घेतला गेला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा बारा मुलं आली नव्हती. दर वर्षीचंच आहे. धनगरवाड्यावरची कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, कुणी कृष्णाकाठाला, कुणी घाट उतरून कोकणात. तिकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची, धान्य किंवा पैसे घ्यायचे, पुढे सरकायचं. पाऊस तोंडावर आला की परत. लहान मुलं आईबापाबरोबर जातात, कोकरं सांभाळतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात.

त्या आठवड्यात टाकीची पातळी मोजली तर ती अंदाजाहून वर होती. पाचवीतल्या एका मुलानं नवा हिशोब मांडला: आता रोजचे ९६ लिटर, म्हणजे भरलेल्या टाकीचे १०४ दिवस. टाकी मार्चच्या मध्यापर्यंत जाणार! वर्गात टाळ्या वाजल्या. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. ती म्हणाली, "बाई, पानी वाढलं न्हाई. पोरं गेली."

मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी जिल्ह्याचा नकाशा काढून टेबलावर पसरला. गेलेली मुलं कुठे कुठे असतील ते मुलांनीच दाखवलं, कारण त्यांना वाटा माहीत होत्या: कऱ्हाड, पाटण, पुढे कुंभार्ली घाट. त्यांची बोटं पश्चिमेकडे सरकत गेली, आणि आमच्याकडे येणारे ढग जिथे रिते होतात तिथेच जाऊन थांबली. पर्जन्यछायेची ती पुस्तकातली आकृती मी इतकी वर्षं शिकवते आहे. तिच्यातल्या कोऱ्या जागेतून माणसं चालत बाहेर पडतात हे त्या आकृतीत नाही. ते या मुलांनी वजाबाकी करून काढलं.

दुसऱ्या दिवशी पाऊसवहीत एक नवा रकाना आखलेला होता: गावाबाहेर. त्यात बारा नावं. त्यांचे दिवसाचे २४ लिटर वेगळे मांडायचे, वापरले तरी मांडायचे, असं ठरलं. याचा उपयोग काय, असं एकानं विचारलं तेव्हा उत्तर आलं की उपयोग नसला तरी ते आपल्याकडून प्यायलं गेलं हे लिहिलेलं असावं. मी त्यात काही बोलले नाही. माझ्या मनात मात्र आलं, की ज्या पाण्याची आमचा तालुका इतकी वर्षं वाट बघतो, ते जिहे-कठापूर योजनेतलं कृष्णेचं पाणी सगळ्या शिवारात फिरेल तेव्हा असा एक रकाना त्याच्याही हिशोबात असायला हवा. पाणी आलं म्हणजे ते सगळ्यांना आलं असं होत नाही. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या शेततळ्यात ते आधी जातं. ज्याच्याकडे नुसती मेंढरं आहेत त्याच्या वाट्याला रस्त्याकडेचं डबकं.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते. मुलांनी पाऊसवही तिथे वाचायची परवानगी मागितली. सरपंचांनी ती दिली, कदाचित पाच मिनिटांचं कौतुक समजून. सातवीतल्या मुलीनं नक्षत्रवार आकडे वाचले. दुसऱ्या मुलानं छपरांचा तक्ता वाचला: देऊळ, सोसायटी, ग्रामपंचायत, कुठे किती लिटर पडतं आणि ओढ्याला जाऊन मिळतं. तिसऱ्यानं टाकीचा जमाखर्च वाचला, गावाबाहेरच्या रकान्यासकट. त्या बारा नावांतल्या एकाचे चुलते सभेत होते. ते खाली बघत राहिले.

मग मोठी माणसं बोलू लागली आणि सभा पाच मिनिटांत आटोपली नाही. डाळिंबवाले म्हणाले, आम्ही ठिबक केलंय, आमच्याकडे बोट नको. एकजण म्हणाले, मागच्या वर्षी गावात किती बोअर झाल्या ते कुणी सांगेल का? कुणी सांगितलं नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा आणि शाळेचा आकडा का जुळत नाही, पीकविम्याचे पैसे कोणत्या आकड्यावर ठरतात, यावर बराच वेळ गेला. वळवाचा पाऊस एका शिवेवर पडतो आणि दुसरीवर नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचं लिखित पान पहिल्यांदा हातात होतं. देवळाच्या छपराला पन्हळ लावायचा खर्च जत्रेच्या वर्गणीतून करायचं ठरलं. बोअरला मर्यादा घालायचा विषय निघाला आणि तसाच राहिला. हिवरे बाजारला जे जमलं ते इथे एका सभेत जमणार नाही, हे मला दिसत होतं. ठराव झाला तो असा: यापुढे १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या तिन्ही सभांत पाऊसवही विषयपत्रिकेवर घ्यायची, आणि गावातल्या चार विहिरींची पाणीपातळी शाळेनं दर पंधरवड्याला मोजून त्यात लिहायची.

विहिरी मुलांनीच निवडल्या. कठडा असलेल्याच घ्यायच्या आणि बरोबर मोठं माणूस हवं, एवढं मी बजावलं. दोरीला गज बांधून मीटरच्या गाठी मारल्या आहेत. एक विहीर गावठाणातली, एक डाळिंबाच्या बागेतली, एक ओढ्याकाठची, आणि चौथी धनगरवाड्यावरची. पहिल्या तिन्हींची वाटणी झाली आहे. चौथीचं काम वाड्यावरच्याच मुलांनी स्वतःकडे घ्यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे, पण दिवाळी झाली की ती मुलं इथे नसतील. मग ते महिने ती विहीर कोण मोजणार, की गेलेल्यांनी जिथे मुक्काम असेल तिथली विहीर मोजून आकडा फोनवर कळवायचा, यावर सध्या सहावी आणि सातवीत जोरात बोलणं चालू आहे.